सात वेढ्यांची गाठ

काकूंना सख्खी पुतणी एकच, पण काकू त्या साऱ्या गावाच्या. दूधवाला त्यांना काकू म्हणायचा, दवाखान्यातले डॉक्टर काकू म्हणायचे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेले निवृत्त मास्तर, जे वयाने त्यांचे वडील शोभले असते, तेही बिनदिक्कत काकूच म्हणायचे. एकदा त्यांनी मास्तरांना यावरून छेडलंही होतं. मास्तर म्हणाले, "हुद्दा आहे तो तुमचा. नात्याचा त्याच्याशी काय संबंध?"

हुद्दा होताच. डोंगरउतारावरच्या त्या गावाच्या टोकाला पत्र्याची एक लांबलचक शेड होती आणि गावातलं एकूण एक प्लास्टिक तिथे जमा व्हायचं. अकरा वर्षं ती शेड काकूंच्या हाताखाली होती, आणि शेडमधल्या नऊ बायकाही. वस्तू हातात आली की काकू ती आधी कानाशी नेऊन चुरगाळायच्या. करकर वाजली तर डावीकडच्या पिंपात, नुसतीच सळसळली तर उजवीकडच्या, आणि काही न बोलता हातात मान टाकली तर मागच्या पोत्यात. नवीन आलेल्या बाईला त्या पहिल्याच दिवशी सांगायच्या, "डोळे फसतात. कान फसत नाहीत."

निवडून झालं की लाकडी पेटीत दाबून गुडघ्याच्या वर येईल एवढा गठ्ठा करायचा आणि तो बांधायचा. बांधणं मात्र काकू कुणावर सोपवत नसत. प्लास्टिक बांधायला पुन्हा प्लास्टिकचीच पट्टी वापरायची हे त्यांना पटत नव्हतं. म्हणून गावातले जुने पडदे, चादरी, फाटके कपडे आणून त्या त्यांच्या चिंध्या काढायच्या, तीन पदरी वेणीसारखा दोर वळायच्या, आणि त्या दोराचे सात वेढे देऊन वर मानेशी एक गाठ मारायच्या. ती गाठ वडिलांची. वडील आयुष्यभर मालमोटारींवर माल बांधायचे आणि म्हणायचे, माल पोहोचला पाहिजे, आपण नाही पोहोचलो तरी चालेल. ही गाठ ओढली की आवळत जायची. शेडमधल्या बायका हसायच्या. "काकू, गठ्ठा बांधताय की जावई?" काकू म्हणायच्या, "जावई सुटला तर परत येतो. गठ्ठा सुटला तर ओढ्यात जातो."

काकूंची खरी कमाई शेडमध्ये नव्हती, ती घराघरात होती. पहिली दोन वर्षं त्यांनी जिवाचं रान केलं. दारोदार जाऊन सांगितलं, की दुधाची पिशवी कापताना टोक पूर्ण तोडू नका, अर्धं राहू द्या, नाहीतर ते टोक हरवतं. पिशवी धुवा, वाळवा, मग द्या. लोकांनी आधी उडवून लावलं. कचऱ्याला कोण आंघोळ घालतं, असं एकीने तोंडावर विचारलं. काकूंनी तिच्या मोरीत उभं राहून स्वतः तिच्या पिशव्या धुतल्या आणि जाताना म्हणाल्या, "तुम्ही फक्त धुऊन द्या. पुढचं माझ्यावर. वाया गेलं तर मला येऊन विचारा." हा शब्द त्यांनी साडेचारशे घरांत दिला होता. हळूहळू गावाला सवय लागली. मास्तरांच्या बायकोचं तर विचारूच नका. त्या पिशव्या धुऊन, रुमालासारख्या चौपदरी घड्या घालून, दहादहाच्या जुड्या निळ्या दोऱ्याने बांधून द्यायच्या. शेडच्या दारावर पुतणीने लहानपणी रंगवलेली पाटी होती, 'इथून काहीच वाया जात नाही'. ऊन खाऊन तिचे रंग उडाले, तरी काकूंनी ती बदलू दिली नाही.

ही पुतणी म्हणजे धाकट्या दिराची मुलगी. दीर-जाऊ लांबच्या शहरात कामाला गेले तेव्हा तीन वर्षांच्या मुलीला काकूंजवळ ठेवून गेले. बोली दोन महिन्यांची होती. त्याला आता सोळा वर्षं झाली. काकूंचे यजमान लग्नानंतर चारच वर्षांत गेले, पोटी काही नव्हतं. त्यामुळे बोली मोडल्याची तक्रार काकूंनी कधी केली नाही, उलट ते दोघं न्यायला येतील या धास्तीनेच पहिली काही वर्षं काढली. पोरगी शेडमध्येच वाढली. पिंपांच्या मधोमध बसून तिने पाढे पाठ केले. आता ती कॉलेजात होती, आणि समुद्राकाठच्या एका गावाशी मुलांची देवाणघेवाण ठरली तेव्हा आपल्या गावच्या बारा जणांची प्रमुख म्हणून तिचीच निवड झाली. आधी इथल्या बारा जणांनी तिथे आठ दिवस राहायचं, मग तिथल्या बारा जणांनी इथे यायचं. विषय एकच, प्लास्टिकचा कचरा. बरोबर एक जाणतं माणूस हवं होतं. गावाने एकमुखाने काकूंचं नाव घेतलं.

पुतणीचा चेहरा तेव्हा जरा उतरला होता. "काकू, आठ तासांचा प्रवास आहे. तुझे पाय सुजतात."

"सुजू देत. तिथेच तर आहे ना आपला कारखाना?"

गठ्ठे समुद्राकाठच्या त्याच गावी जायचे. दर पंधरा दिवसांनी, खेपेमागे पंचायतीकडून पैसे घेणाऱ्या ठेकेदाराचा टेम्पो यायचा, चालक गठ्ठे मोजून चढवायचा आणि निघून जायचा. कारखाना काकूंनी कधी पाहिला नव्हता, पण त्यांच्या मनात तो पक्का उभा होता. पांढऱ्या भिंती, एका दाराने आपले गठ्ठे आत, दुसऱ्या दाराने बादल्या आणि खुर्च्या बाहेर. एकच गोष्ट त्यांना अकरा वर्षं टोचत होती. आपली गाठ सोडवताना तिथल्या कामगारांच्या बोटांचे हाल होत असणार. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी शिंप्याकडून चार मोठ्या कात्र्या धार लावून आणल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि पिशवीच्या तळाशी ठेवल्या. शेडमधल्या बायकांना म्हणाल्या, "त्यांची एकदा माफी मागून येते."

समुद्राकाठच्या गावात मुलांची सोय एका शाळेत केली होती. दोन्हीकडची चोवीस मुलं पहिल्याच दिवशी अशी मिसळली की कोण कुठलं ते काकूंना कळेना. दिवसभर गोल करून बसायचं, चिठ्ठ्या लिहायच्या, त्या भिंतीवर डकवायच्या, पुन्हा काढायच्या. किनारा साफ करायचा. काकूंनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला आणि त्यांना तो फार आवडला नाही. "एवढं पाणी आणि धुवायला एक थेंब उपयोगाचा नाही," असं त्या म्हणाल्या. मुलांना मात्र काकू आवडल्या. डोळे बांधून, नुसत्या आवाजावरून प्लास्टिक ओळखून दाखवण्याचा खेळ त्यांनी तीनदा केला आणि तिन्ही वेळा टाळ्या घेतल्या.

कारखान्याची भेट तेवढी होत नव्हती. वेळापत्रकात ती दुसऱ्या दिवशी होती. ती चौथ्यावर गेली. चौथ्या दिवशी पुतणी म्हणाली, तिथली माणसं रजेवर आहेत. पाचव्या दिवशी म्हणाली, बघू. सहाव्या दिवशी सगळी मुलं एका व्याख्यानाला निघाली, तेव्हा पुतणीने काकूंचे पाय पाटावर ठेवले, वर ओला टॉवेल टाकला आणि बजावलं, "आज तू हलायचं नाहीस. कुठे म्हणजे कुठेच जायचं नाहीस."

"कैदेत टाकतेस का मला?"

"हो," ती म्हणाली, आणि हसली नाही.

काकूंना ते लक्षात आलं, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. मुलं दिसेनाशी झाल्यावर त्यांनी टॉवेल वाळत घातला, चपला घातल्या आणि कात्र्यांची पिशवी घेऊन रस्त्यावर आल्या. कोपऱ्यावर रिक्षा उभी होती. "प्लास्टिकच्या कारखान्यात जायचंय. बादल्या करतात तो."

रिक्षावाल्याने त्यांच्याकडे वळून पाहिलं. "तो बंद पडला की, मावशी. सात वर्षं झाली."

"दुसरा असेल. आमचा माल दर पंधरा दिवसांनी येतो."

"माल येतो ना. माल कुठे नाही म्हणतोय मी?" तो म्हणाला. "माल टाकतात तिथे सोडू का?"

टाकतात हा शब्द काकूंना आवडला नाही, पण रिक्षावाल्यांची भाषा अशीच असते, असं म्हणून त्या बसल्या. वाटेत गंजलेलं फाटक लागलं, आत वाढलेलं गवत आणि पडकी पांढरी भिंत. पांढरी भिंत होती खरी. पुढे विटांची भट्टी लागली आणि भट्टीच्या मागे एक उंच, करडी टेकडी. तिथे रिक्षा थांबली. काकू उतरल्या आणि आपण चुकीच्या जागी आलो असं समजून पुन्हा चढायला वळल्या. तेवढ्यात त्यांचं लक्ष टेकडीच्या पायथ्याकडे गेलं, कारण तिथे पिवळ्या फुलांचा पडदा होता.

तो पडदा दवाखान्यातला. मागच्या वर्षी डॉक्टरांनी नवे पडदे घेतले तेव्हा जुने काकूंना दिले होते. त्याच्या चिंध्या, त्याचा तीन पदरी दोर, आणि सात वेढे. वर मानेशी गाठ. त्याच्या शेजारी दुसरा गठ्ठा, त्यावर तिसरा. टेकडी नव्हतीच ती. खालचे गठ्ठे चेपून, काळे पडून एकमेकांत रुतले होते, वरचे नवे होते, मधले कुठे फुटले होते आणि त्यातून धुतलेल्या पिशव्या वाऱ्यावर फडफडत होत्या. काकूंच्या पायाखालची जमीन सरकली असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर जमीन होती तिथेच होती आणि काकूही होत्या तिथेच होत्या. त्यांना पाऊल उचलता येत नव्हतं, एवढंच.

पायथ्याशी चार बायका बसून गठ्ठे सोडत होत्या. त्यातली एक, चाळिशीची, अंगाने रोड, हातातली गाठ सोडता सोडता म्हणाली, "कुणाला शोधताय, ताई?"

काकूंनी त्या गाठीकडे बोट दाखवलं. "ही गाठ माझी आहे."

त्या बाईचे हात थांबले. तिने काकूंना वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि मग तिचा चेहरा असा खुलला, की काकूंना ते सगळ्यात भयंकर वाटलं.

"अगं, गाठवाली आली," ती बाकीच्यांना म्हणाली. "बघा, मी म्हणत नव्हते, बाईच असणार म्हणून?"

बायका उठल्या. एकीने पाणी आणलं, एकीने झाडाखालची बाज झटकली. काकूंना धरून बसवलं. सात वर्षं त्या या गाठीच्या बाईविषयी बोलत आल्या होत्या. ती कशी दिसत असेल, तिचे हात केवढे असतील, तिला सासू आहे की नाही, सगळं. बाकीच्या गावांचे गठ्ठे तारेने बांधलेले येतात, त्याने हात फाटतात. गाठवालीचा गठ्ठा मात्र चारचौघींत वाटून घ्यायचा. दोर लांब, मऊ आणि पक्का. तो धुवायचा आणि त्याच्या बाजा विणायच्या. गावात मागणी आहे. पहिल्यांदा बोललेल्या त्या रोड, दोरीवाल्या बाईच्या दोन मुली त्याच दोरावर शिकत होत्या.

काकूंनी खाली पाहिलं. त्या ज्या बाजेवर बसल्या होत्या त्यात मास्तरांच्या घरची चट्टेरीपट्टेरी चादर होती, शेडमधल्या एका बाईचा लग्नातला हिरवा शालू होता, त्यांचं स्वतःचं जुनं पांघरूण होतं.

"दोर ठीक आहे," काकू म्हणाल्या. "आतल्या मालाचं काय करता?"

"आतल्या?" दोरीवालीला प्रश्नच कळला नाही. "भट्टीवाले नेतात थोडा. बाकी पडून. वारा सुटला की समुद्रात जातो."

"भट्टीवाले काय करतात?"

"जाळतात, ताई. दुसरं काय करणार?"

"पण मी धुऊन पाठवते," काकू म्हणाल्या. "आमच्याकडे घरोघर धुतात. वाळवतात. झाकणं वेगळी काढतात."

"हो, ते भट्टीवाले म्हणतात ना," दोरीवाली मनापासून म्हणाली. "तुमचा माल धुतलेला असतो, म्हणून लवकर पेटतो."

त्या बाईच्या बोलण्यात टोमणा असता तर त्यांना उत्तर सुचलं असतं. आयुष्यभर त्यांनी टोमण्यांना उत्तरंच दिली होती. पण ती कौतुक करत होती. साडेचारशे घरांतल्या मोऱ्या काकूंच्या डोळ्यांपुढून गेल्या, थंडीत गार पाण्यात पिशव्या धुणारे हात गेले. कान फसत नाहीत म्हणणाऱ्या बाईने कारखान्याची गोष्ट नुसत्या कानांनीच ऐकली होती, टेम्पोवाल्याच्या तोंडून, आणि एकदाही उठून पाहायला आली नव्हती.

दोरीवालीला आता कुठे काहीतरी जाणवलं. ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुम्हाला माहीत नव्हतं का? आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असणार. म्हणूनच इतका चांगला दोर लावता, आमच्यासाठी."

काकूंनी पिशवीतून कात्र्या काढल्या. काय बोलून त्या द्यायच्या ते त्यांनी घरून निघताना ठरवलं होतं, त्यातला एक शब्द आठवेना. त्यांनी नुसतं फडकं पुढे केलं. दोरीवालीने कात्र्या पाहिल्या आणि हसून परत गुंडाळल्या. "याचं काय करू? तुमची गाठ आम्ही कधीच कापत नाही. दोर तुटतो ना."

शाळेत परतल्या तेव्हा दुपार कलली होती. पुतणी दारातच उभी होती. तिने काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, पायांकडे पाहिलं. भट्टीच्या काळ्या धुळीने घोट्यापर्यंत माखले होते ते. ती काही विचारेल म्हणून काकू थांबल्या. तिने विचारलं नाही. रडायलाच लागली. आणि एका धक्क्यातून पुरत्या सावरल्या नव्हत्या तोच काकूंना दुसरा बसला.

"तुला माहीत होतं," काकू म्हणाल्या.

"तीन महिन्यांपूर्वी. इथल्या मुलांनी फोटो पाठवले होते. त्यांना वाटलं, कुठल्या तरी गावाचा माल. मी गाठ ओळखली."

"तीन महिने तू रोज माझ्याबरोबर शेडमध्ये बसत होतीस."

"बसत होते."

"ताकास तूर लागू दिली नाहीस."

"कसं सांगणार होते मी?" पोरगी म्हणाली. "तू सकाळी उठून दुसऱ्यांच्या बाटल्यांची झाकणं पुसतेस. मी सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तू काय केलं असतंस, ते मला सुचेना. मी ठरवलं होतं, तुला कळू न देता टेम्पो बंद करायचा, दुसरा कारखाना शोधायचा. अकरा ठिकाणी पत्रं लिहिली. कुणी घेत नाही, काकू. पातळ पिशव्या कुणालाच नकोत."

काकू व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. राग यायला हवा होता. पोटच्या पोरीसारखी वाढवलेली पोर तीन महिने अळीमिळी गुपचिळी करून समोर जेवत होती. पण रागालासुद्धा अंगात थोडं बळ लागतं. त्यांनी विचारलं, "परवा निरोपाच्या कार्यक्रमात आपल्या गावाविषयी काय सांगणार आहेस?"

"ठरलंय तेच. इथून काहीच वाया जात नाही." तिने नाक पुसलं. "खरं सांगितलं तर गावात कुणी पुन्हा एक पिशवी धुणार नाही. शेड बंद पडेल. त्या नऊ जणी कुठे जातील? आणि तू?"

"ते नंतर बघू," काकू म्हणाल्या. "साडेचारशे घरांत शब्द मी दिलाय, तू नाही. वाया गेलं तर मला येऊन विचारा, असं म्हटलं होतं मी. त्यांना काय विचारायचं तेच माहीत नाही, मग ते येणार कसे? मलाच जायला हवं."

"जाऊन काय सांगशील? कुणाचा विश्वास बसणार नाही."

"म्हणून तर एक गठ्ठा बरोबर न्यायचाय. खालचा. जुना."

दुसऱ्या दिवशी चोवीस मुलं भट्टीमागे गेली. वेळापत्रकात तेव्हा चित्रकला स्पर्धा होती. खालचा गठ्ठा काढणं सोपं नव्हतं, वरच्यांचा भार त्याच्यावर; बायकांनी दोर सोडवायच्या आतच दबून गेलेले होते ते. मुलांनी साखळी करून वरचे हातोहात बाजूला रचले, दोरीवालीने पहार घालून फट केली, आणि काकूंनी वाकून एकेका गठ्ठ्याचा दोर पाहिला. एका दोरात निळा पदर दिसला तेव्हा त्या म्हणाल्या, "हा." तो पुतणीच्या सातवीतल्या शाळेच्या झग्याचा निळा होता. खिळ्याला अडकून मागून फाटला म्हणून ती दोन दिवस शाळेत गेली नव्हती. म्हणजे गठ्ठा साडेसहा वर्षांपूर्वीचा. पुतणीने त्या पदराला हात लावून पाहिला आणि लगेच काढून घेतला.

निरोपाच्या कार्यक्रमात ती उभी राहिली आणि इतकंच म्हणाली, की आमच्या गावाविषयी सांगण्याआधी मला आमच्या गावाला काही सांगायचं आहे, मग तुम्ही आलात की बोलू. तिथल्या मोठ्या माणसांना ते उद्धट वाटलं. दोरीवाली कार्यक्रमाला आली नाही. बस सुटताना मात्र ती रस्त्याकडेला उभी होती. तिने काकूंना एवढंच विचारलं, "आता दोर यायचा बंद होणार का?" काकूंना तिच्याकडे पाहून नाही म्हणवेना आणि हो म्हणवेना.

गठ्ठा बसच्या टपावरून आला. काकूंनी निरोप धाडला, रविवारी सकाळी सगळ्यांनी शेडच्या अंगणात या. लोकांना वाटलं, कौतुकाचा कार्यक्रम आहे. मुलं धुतलेले कपडे घालून आली. मास्तरांना बसायला खुर्ची दिली. काकू मधोमध उभ्या राहिल्या आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. कारखाना सात वर्षांपूर्वी बंद पडला. आपण धुतलेलं सगळं एका भट्टीमागे पडून आहे. जे पडून नाही ते जळलं. जे जळलं नाही ते समुद्रात गेलं. "मी शब्द दिला होता, तो खोटा निघाला. मला माहीत नव्हतं, पण माहीत करून घेणं माझं काम होतं."

कुणीतरी, बहुधा बरं वाटावं म्हणून, म्हणालं, "काकू, तुमचीच कुठेतरी गफलत होत असेल."

तेव्हा काकू गठ्ठ्याशी खाली बसल्या. पुतणीने कात्री पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. साडेसहा वर्षं आवळत गेलेली गाठ होती ती. बोटांची नखं दुखेपर्यंत त्या ती सोडवत राहिल्या, आणि सगळं गाव बघत उभं राहिलं. शेवटी सात वेढे उतरले आणि गठ्ठा अंगणात पसरला. वरचं काळं पडलं होतं, आतलं जसंच्या तसं. लोक हळूहळू पुढे आले. डॉक्टरांना त्यांच्या दवाखान्यातली बाटली सापडली, वर त्यांच्याच अक्षरातली चिठ्ठी. दूधवाल्याने जुन्या छापाची पिशवी उचलली आणि उलटीपालटी करून पाहिली. आपापलं ओळखायला कुणालाच वेळ लागला नाही. धुतलेलं होतं ना सगळं.

मास्तर खुर्चीतून उठले. त्यांनी खाली वाकून एक जुडी उचलली. चौपदरी घड्या, टोक अर्धंच कापलेलं, निळा दोरा. त्यांची बायको जाऊन पाच वर्षं झाली होती. त्यांनी जुडी मोजली, दहा भरल्या.

"शेवटी शेवटी हात थरथरायचे तिचे," ते म्हणाले. "तरी धुवायची. मी ओरडायचो, राहू दे आता. ती म्हणायची, काकूंनी सांगितलंय, याचं पुढे काहीतरी होतं."

काकूंनी मान खाली घातली.

"मी घेऊन जाऊ का ही?" मास्तरांनी विचारलं. परवानगी लागत असल्यासारखं ते खरोखर थांबले होते. काकूंनी मान हलवली. त्यांनी जुडी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि घरी गेले. त्यांच्यामागून एकेक करत बाकीचेही गेले. कुणी काकूंना दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराचा टेम्पो आला. शेडमध्ये एकवीस गठ्ठे बांधून तयार होते. काकू फाटकात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माल देणार नाही." चालकाने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. त्यालाही पहिल्यापासून माहीत होतं, हे काकूंनाही कळलं. वाद न घालता त्याने टेम्पो वळवला, जाताना फक्त विचारलं, "मग ठेवणार कुठे हे सगळं, काकू?"

टेम्पोची धूळ खाली बसायच्या आत रस्त्याने मास्तर येताना दिसले. रोजच्या वेळेला, रोजच्यासारखे, हातात पिशवी. धुतलेली, वाळवलेली, टोक अर्धंच कापलेलं. त्यांना स्वतःलाही कळलं नसावं, पायच त्यांना घेऊन आले असावेत. फाटकाशी येऊन त्यांनी सवयीने हात पुढे केला, आणि काकूंनीही सवयीने पुढे केला. मग दोघांनाही आठवलं. मास्तरांनी हात मागे घेतला नाही, काकूंनी पिशवी घेतली नाही. ती चौपदरी घडी दोघांच्या मध्ये तशीच राहिली, आणि ती कुठे ठेवायची ते दोघांपैकी कुणालाच कळेना.